‘एशियाड’ म्हणजे कुठली गाडी?

१. एशियाड : कथेचा नायक दादरला ‘एशियाड पकडतो’, ती रेल्वे नव्हे, एसटी आहे. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा खेळाडूंच्या दिमतीला एसटीच्या गाड्या गेल्या होत्या. पुढे त्याच गाड्या दादर-पुणे मार्गावर धावू लागल्या आणि स्पर्धेचे नाव निमआराम गाडीला कायमचे चिकटले.

या नावामागचा आनंद कळायला आधीचा लाल डबा आठवावा लागतो. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला निघालेल्या पहिल्या गाडीचा सांगाडा लाकडी होता आणि आसने काथ्याची. पुढच्या लाल गाड्यांत मधल्या वाटेच्या एका बाजूला तिघांचे बाकडे, दुसऱ्या बाजूला दोघांचे. तिसऱ्याचा अर्धा देह वाटेतच असे. वळण आले की समोरच्या बाकाचा लोखंडी दांडा घट्ट धरायचा. डोक्यावरून घंटीची दोरी गेलेली, मागच्या बाजूला टपावर चढायची शिडी.

एशियाडमध्ये दोन्हीकडे दोन-दोनच आसने आली. एका माणसाला एक अख्खी जागा मिळाली, पाठ टेकता आली. सामान्य प्रवाशाच्या दृष्टीने हा बदल वातानुकूलनापेक्षाही मोठा होता.

निमआराम गाडीचे पुढे ‘हिरकणी’ असे नामकरण झाले. रायगडाचा कडा उतरणाऱ्या गवळणीचे हे नाव फार समर्पक आहे. वातानुकूलित ‘शिवनेरी’ आणि २०१७ पासूनची ‘शिवशाही’ या नंतरच्या. कथेचा काळ १९८९ चा असल्याने मूळ शब्द तसाच ठेवला आहे. — संपादक