जुनी, जास्त चाललेली फोर बाय फोर घेताय? बयाणा देण्यापूर्वी हे तपासा

कोकणातल्या गावचा पावसाळी रस्ता, घाटातला चढ, शेतापर्यंत जाणारी चिखलाची वाट, अशा ठिकाणी फोर बाय फोर गाडी कामाला येते. नवी परवडत नाही, म्हणून दीड-दोन लाख किलोमीटर चाललेली बोलेरो, स्कॉर्पिओ, सफारी, थार किंवा जिप्सी बघितली जाते. व्यवहार जमला तर गाडी अनेक वर्षे साथ देते. फसला तर मेहनतीची कमाई गॅरेजमध्ये जाते आणि गाडी नावावरही होत नाही. गोवंडी-मानखुर्द पट्ट्यातील वाचकांसाठी तपासणीचा क्रम आम्ही येथे देत आहोत. आधी कागद, मग चासी, मग चारही चाकांची ओढ आणि त्यानंतर इंजिन. मीटरवरचा आकडा सर्वांत शेवटी.

१. कागद

आरसी बुकावरची नोंदणीची तारीख पहिली वाचा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी तपासून घेऊन ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. २० वर्षांपुढच्या मोटारीसाठी २०२५ मध्ये ती १०,००० रुपये करण्यात आली. महाराष्ट्रात १५ वर्षांपुढच्या गाडीवर पर्यावरण कर वेगळा. म्हणजे १४ वर्षांची ‘स्वस्त’ गाडी वर्षभरातच खर्च मागते. हा खर्च भाव ठरवतानाच धरा.

‘वाहन’ पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचे नाव, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा बघा. ई-चलनाची बाकी किती तेही तपासा. कर्ज फिटलेले असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ हातात घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, तेही पाहा.

दिल्लीची डिझेल गाडी फार स्वस्तात मिळत असेल तर कारण समजून घ्या. तिथे १० वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यामुळे असा माल इतर राज्यांत येऊ लागला. बाहेरच्या राज्यातील गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि इथे रोड टॅक्स भरावा लागतो. हा टॅक्स धरला की स्वस्ताई बरीचशी संपते.

२. गाडी खरंच फोर बाय फोर आहे का?

स्कॉर्पिओ, बोलेरो, सफारी या गाड्या दोन चाकांच्या ओढीतही विकल्या गेल्या. मागे ‘४×४’ चे स्टिकर कोणीही लावू शकतो. गाडीखाली वाकून बघा. पुढच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सकडून पुढे येणारा दुसरा प्रॉपेलर शाफ्ट दिसलाच पाहिजे. काही जण बिघडलेला पुढचा शाफ्ट काढूनच टाकतात.

मोठे टायर, कापलेली बॉडी, बदललेले इंजिन असे फेरफार केलेली जीप दिसायला भारी वाटते. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. बदललेल्या इंजिनाची नोंद आरसीवर नसेल तर अशा गाडीला हात लावू नका.

३. चासी आणि पुराचे पाणी

इंजिन दुरुस्त होते, कुजलेली चासी होत नाही. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो. वरवरचा तांबूस गंज चालेल. पापुद्रे सुटत असतील, भोके पडली असतील किंवा पाट्यांच्या हँगरजवळ वेल्डिंगची ठिगळे असतील तर सरळ परत फिरा. छोट्या हातोडीने ठोकून आवाज ऐका. कुजलेल्या जागी तो बद्द येतो. नुकताच मारलेला काळा रंग दिसला की शंका घ्या. चासी नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा.

२६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चे सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ चे चिपळूण आणि महाड, या पुरांत कितीतरी गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन-पुसून बाजारात येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ दिसते का बघा. कार्पेटखाली गाळ आणि सीटच्या पट्ट्यांवर गंज आहे का, तेही तपासा.

४. चारही चाकांची परीक्षा

ही चाचणी लिंक रोडवर करू नका. अशा बहुतेक जुन्या गाड्यांत वळणावर पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या वेगातला फरक सोसण्याची सोय नसते. कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावली तर गिअरवर ताण येतो. मातीचे मोकळे मैदान शोधा.

• फोर-हाय लावून साथीदाराला बाहेर उभे करा. पुढची चाके स्वतः ओढ घेतात का, हे त्याने बघायचे. डॅशबोर्डवर दिवा लागला म्हणजे चाके ओढतात असे नाही.
• फोर-लो लावा. लिव्हर उडून परत येत असेल किंवा मोठा घरघर आवाज येत असेल तर ट्रान्सफर केसचे काम निघणार.
• हाताने लावायचे हब असतील तर पुढचे चाक जॅकवर उचला. ‘लॉक’ केल्यावर चाकाबरोबर आतला शाफ्ट फिरला पाहिजे, ‘फ्री’ केल्यावर नाही.
• टू-व्हीलमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. कट-कट आवाज आला तर पुढचे जॉइंट गेलेत. पुढे-मागे गिअर टाकताना ‘ठक्’ होत असेल तर शाफ्टचा क्रॉस ढिला आहे.
• डिफरन्शियलचे ऑइल दुधट असेल तर आत पाणी गेले आहे.
• चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत.

५. इंजिन

गाडी थंड असताना जा. बॉनेट गरम लागले तर मालकाने आधीच चालू करून ठेवली आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी या. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जात असण्याची शक्यता. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडा. धुरासकट जोराचा दाब आला तर त्याला मेकॅनिक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, म्हणजे रिंग झिजल्यात. त्यानंतर सायन-पनवेल महामार्गावर अर्धा तास चालवा आणि तापमानाचा काटा बघा.

६. मीटर आणि सुटे भाग

मीटर मागे फिरवता येतो, झिजलेले पेडल खोटे बोलत नाही. सर्व्हिसची बिले मागा. वेळेवर ऑइल बदललेली दोन लाखांची गाडी ही बेपर्वाईने चालवलेल्या ८० हजारांच्या गाडीपेक्षा बरी.

शेवरोलेने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद केल्याचे जाहीर केले. अशी गाडी घेताना ट्रान्सफर केसचे भाग कुठे आणि किती दिवसांत मिळतील, हे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आधी विचारून या. आमचा सल्ला असा की बजेटचा पाचवा हिस्सा पहिल्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा.

७. व्यवहार

तुमच्या ओळखीचा मेकॅनिक न्या, विकणाऱ्याचा नको. पैसे बँकेतून द्या. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या. फॉर्म २९ आणि ३० भरून ३० दिवसांच्या आत गाडी नावावर करायला अर्ज द्या. गोवंडीसाठी वडाळ्याचे एमएच-०३ कार्यालय आहे. विमाही १४ दिवसांत नावावर करायला कळवा. विकणाऱ्यानेही आळस करू नये: अपघात झाला तर नोंदीतला मालकच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

मालक मैदानावर न्यायला किंवा कागद दाखवायला टाळाटाळ करत असेल तर बयाणा देऊ नका. गाडी दुसरी मिळेल.