कोरलई: दर्याकांठचें एक गांव आणि त्याची भाषा

आम्ही वऱ्हाडचे लोक. पूर्णेचें पाणी आणि काळी माती यांतच आमचा जन्म जातो. दर्याची भरती-ओहोटी आमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलीही नसेल. तथापि या महोत्सवी अंकांत कोंकणांतील कोरलईची हकीकत देण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण त्या डोंगराचा आणि आमच्या मुलखाचा धनी एके काळीं एकच होता.

१५७४ सालीं अहमदनगरच्या निजामशहानें एलिचपूरची इमादशाही बुडवून वऱ्हाड घेतलें. पुढें त्याच घराण्यांतील दुसऱ्या बुऱ्हाणशहानें चौलच्या फिरंग्यांस जेरीस आणण्याकरितां कुंडलिका नदीच्या मुखाशीं, कोरलईच्या डोंगरावर, किल्ला उभारिला. १५९४ सालीं फिरंग्यांनीं तो जिंकला. दोनच वर्षांनीं चांदबिबीनें वऱ्हाड मोगलांस दिलें. असो.

स्थळ मोठें रमणीय आहे. डोंगर लांबट व अरुंद, तिन्ही बाजूंस पाणी; पश्चिमेस उघडा समुद्र, उत्तरेस खाडीपलीकडे रेवदंड्याच्या नारळीबागा. खालीं दीपगृह आणि कोळ्यांच्या होड्या. खडक मात्र तोच, ज्याच्या झिजेपासून आमची काळी जमीन झाली.

१७४० सालीं हा मुलूख मराठ्यांकडे आला आणि फिरंगी निघून गेले. पायथ्याच्या ख्रिस्ती लोकांजवळ त्यांची भाषा तेवढी राहिली. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज, परंतु क्रियापद मराठीप्रमाणें वाक्याच्या शेवटीं! आमच्या वऱ्हाडी बोलीस हंसणाऱ्या शहरी मंडळींनीं ती एकदां ऐकावी.

राजाश्रय नसतां ती टिकली कशी? आमच्या मतें याचें श्रेय पराक्रमास नव्हे, एकलेपणास आहे. कोळी शेजाऱ्यांशीं व्यवहार मराठींत, पण सोयरीक आपसांत. उपासनेंत दीर्घकाळ पोर्तुगीज. आणि खाडीवर १९८६ पर्यंत पूल नव्हता, तरीनेंच पलीकडे जावें लागे. पूल झाला, सोय झाली, आणि ज्या आडोशानें भाषा जगली तो आडोसा गेला. आज ती बोलणारे सुमारे एक हजार आहेत. मुलें मराठी शाळेंत शिकतात, तरुण कामधंद्यासाठीं बाहेर पडतात. यांत त्यांना दोष तो काय द्यावा?

तेथील कार्मेल मातेच्या मंदिरांत आतां उपासना मराठींत होते. घरीं वडीलधाऱ्यांचें बोलणें मात्र अद्यापि जुन्याच भाषेंत चालतें.