बाधा, ताप आणि दाह

कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला तो १९८१ मध्ये, पण उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या कोळीवाड्यांत आणि आगरी गावांत मनाच्या आजाराकडे पाहण्याची रीत त्याच्या कितीतरी आधीची आहे आणि पुष्कळ अंशी अजून टिकून आहे. घरातला कमावता मुलगा रात्रीच्या रात्री जागा राहू लागला, अखंड बोलू लागला, ऐपत नसताना उधारीवर वस्तू आणू लागला, आणि काही महिन्यांनी तोच भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला, की घरचे आधी भगताची पायरी चढत. भगत सुपात तांदूळ घेतो, दाण्यांच्या जोड्या लावतो, सम निघाले की विषम यावरून कुठलं लागीर झालंय ते सांगतो. मग नारळ, लिंबू, कोंबडा, अंगारा आणि तिठ्यावर टाकायचा उतारा. आज आपण ज्याला बायपोलर म्हणतो तो चढ-उताराचा आजार या किनाऱ्यानं असा पिढ्यान्‌पिढ्या पाहिला. या इतिहासाकडे निव्वळ अंधश्रद्धेचा इतिहास म्हणून पाहिलं तर त्यातली मोलाची गोष्ट हातची जाते. या लोकांचं निदान चुकलं असेल, पण निरीक्षण चुकलं नव्हतं. मन बिघडतं तेव्हा शरीरही बिघडलेलं असतं, हे त्यांना दिसत होतं. शरीरातल्या दाहाचा आणि या आजाराचा संबंध तपासणारं आजचं संशोधन त्याच ठिकाणी येऊन पोचलं आहे.

हिवताप तर कोकणाच्या पाचवीलाच पुजलेला. तापाच्या भरात माणूस बरळतो, आपल्याच माणसांना ओळखत नाही, उठून पळू पाहतो, हे घरोघरी माहीत होतं आणि त्याला 'वात झाला' असंच म्हणत. म्हणजे ताप डोक्यापर्यंत पोचतो हे मान्य होतं. ताप नसताना मन बिघडलं की मात्र भूतबाधेकडे बोट जाई. ही फट आपल्या परंपरेनं सबंध मान्य केली होती असंही नाही. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार आहेत. त्यातले चार वात, पित्त, कफ आणि त्यांच्या सन्निपातातून, म्हणजे शरीरातूनच उद्भवणारे, आणि पाचवा बाहेरून येणारा. पण त्या पाचव्याबद्दलही ग्रंथ बजावतो, की ज्यानं स्वतःच्या वागण्यानं स्वतःला पीडा करून घेतलेली नाही, त्याला देव किंवा पिशाच्च पीडा देत नाहीत. पिशाच्चावर खापर फोडू नका, हा सल्ला इतका जुना आहे.

किनाऱ्याची दुसरी ठाम समजूत अमावास्या-पौर्णिमेची. त्या दिवसांत रोगाचा जोर वाढतो असं भगतही सांगतो आणि घरचेही. ही समजूत हसून सोडून देण्याआधी डोलीची मासेमारी कशी चालते ते पाहिलं पाहिजे. डोल म्हणजे खुंटांना बांधलेलं, नरसाळ्यासारखं निमुळतं होत जाणारं जाळं. प्रवाहाच्या जोरावरच ते भरतं, म्हणून त्याचं काम घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतं. भांगेच्या दिवसांत पाण्याला ओढ नसते तेव्हा काम मंदावतं. उधाणात, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, दिवसरात्र न बघता पाणी फिरेल तसं जाळं उचलावं लागतं. त्या दिवसांत खलाशाच्या झोपेचं खोबरं होतं. आणि झोप तुटणं हे उन्मादाचा, म्हणजे बायपोलरमधल्या चढाचा, झटका सुरू होण्याच्या सर्वांत खात्रीच्या कारणांपैकी एक आहे. शिवाय झोप मोडली की रक्तातली आयएल-६ सारखी दाहाची द्रव्यं वाढतात, हेही प्रयोगांत दिसलेलं आहे. २०१८ मध्ये थॉमस वेर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी झपाट्यानं चढ-उतार होणाऱ्या १७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांची आवर्तनं चंद्राच्या आवर्तनांशी जुळत असल्याचं आढळलं. १७ रुग्णांवरून सिद्धांत उभा राहत नाही, आणि उधाण, झोप व आजार यांची सांगड या किनाऱ्यापुरती मी घालतो आहे तो माझा तर्क आहे. पण भगतानं पाहिलेल्या अमावास्येमागे भुताऐवजी तुटलेली झोप असू शकते, हा तर्क तपासून पाहण्याइतका नक्कीच सबळ आहे.

इंग्रजी राजवटीनं या रुग्णांसाठी जे केलं त्यात उपचारापेक्षा बंदोबस्त जास्त होता. रत्नागिरीचं वेड्यांचं इस्पितळ १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं. मधल्या कुलाब्याच्या माणसाला दोन्ही लांबच. १९१२ च्या कायद्यानं दाखल करण्याची वाट बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकुमातून जाई. म्हणजे आजारी माणूस आधी सरकारदरबारी उभा राहायचा, मग डॉक्टरपुढे. असा माणूस घरी परतला तरी गाव त्याला पूर्वीसारखं वागवत नसे. मग घरच्यांनी भगताचं दार धरलं तर नवल नाही. भगत निदान गावात होता, आपल्या बोलीत बोलत होता आणि रोग्याला घरापासून तोडत नव्हता.

त्याच काळात युरोपात शरीराकडून मनाकडे जाणारे रस्ते शोधले जात होते. गाऊट हा युरिक ॲसिड साठून होणारा सांध्यांचा दाहाचा आजार, आणि त्यावर लिथियम द्यावं असं लंडनच्या गॅरॉड यांनी १८५९ मध्ये सुचवलं. युरिक ॲसिडच्याच कल्पनेवरून डेन्मार्कच्या कार्ल लांगे यांनी १८८६ मध्ये पुन्हापुन्हा येणाऱ्या औदासीन्यावर ते वापरलं. पुढे १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांना लिथियम दिलं, तेही युरिक ॲसिडचा पाठपुरावा करताना. केड यांचा सिद्धांत चुकीचा निघाला, औषध मात्र खरं निघालं, आणि आजही या आजारात त्याच्या तोडीचं औषध क्वचितच सापडेल. व्हिएन्नाच्या वाग्नर-यौरेग यांनी १९१७ मध्ये सिफिलिसनं मेंदू बिघडलेल्या रुग्णांना मुद्दाम हिवताप दिला आणि १९२७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे ज्या तापानं गावं ओस पडत, तो तिथे टोचला जात होता.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. शरीराकडे बोट दाखवणाऱ्यांनी अनर्थही केले आहेत. अमेरिकेत ट्रेंटनच्या इस्पितळात हेन्री कॉटन यांनी वेडाचं मूळ लपलेल्या जंतुसंसर्गात आहे असं धरून रुग्णांचे दात उपटले, टॉन्सिल काढले, मोठ्या आतड्याचे तुकडे कापले. त्यात अनेक जण दगावले. पण चूक शरीराकडे पाहण्यात नव्हती, पुराव्याआधी सुरी उचलण्यात होती. आज पुरावा आहे तो रक्तातला: उन्मादाच्या अवस्थेत सीआरपी आणि इतर दाहदर्शक द्रव्यं वाढलेली असल्याचं अनेक अभ्यासांच्या एकत्रित तपासणीत दिसतं. त्यावर कोणी म्हणेल, की तंबाखू, लठ्ठपणा, जागरण यांनीच दाह वाढतो, मग तो आजाराचं कारण कसा? काही अंशी हे खरं आहे. पण इंग्लंडमध्ये एव्हॉन भागात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा झाला, त्यात नवव्या वर्षी ज्यांच्या रक्तात आयएल-६ जास्त होतं त्यांच्यात बाविसाव्या वर्षी उन्मादाकडे झुकणारी लक्षणं अधिक आढळली. दाह आधी होता, लक्षणं नंतर आली.

दुसरा आक्षेप याहून टोकदार: दाह कारण असेल तर दाहशामक औषधानं आजार का जात नाही? पाकिस्तानात २६६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बायपोलरमधल्या औदासीन्यावर मिनोसायक्लिन आणि सेलेकॉक्सिब दोन्ही निष्प्रभ ठरली. हा निकाल मान्यच करायला हवा. त्यातून एवढंच निघतं, की दाह हे सगळ्या रुग्णांमधलं एकच कारण नाही. काहींमध्ये तो मोठा असेल, काहींमध्ये नगण्य. सरसकट गोळ्या वाटण्याचा काळ आलेला नाही, पण मनाच्या रुग्णाचं शरीर न तपासण्याचा काळ संपला आहे.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम राज्यात ज्या जिल्ह्यांत लवकर आला त्यांत रायगड आहे. २०१७ च्या कायद्यानं मानसिक आरोग्यसेवा हा हक्क झाला. तेव्हा मागणी नेमकी हवी: मनाच्या तक्रारीसाठी येणाऱ्याचं वजन, साखर, थायरॉइड, हिरड्या आणि झोप यांची विचारपूस त्याच खोलीत व्हावी. आणि बायपोलरसाठी लिथियम घेणाऱ्यांच्या घरच्यांना एक कळकळीची विनंती. अंगदुखीवर दुकानातून सर्रास घेतली जाणारी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी दाहशामक औषधं रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीला नेऊ शकतात. उन्हात घाम गाळून किंवा जुलाबानं अंगातलं मीठ-पाणी गेलं तरीही तेच होतं. बोटीवर किंवा मिठागरात राबणाऱ्या माणसाच्या वाट्याला दुखणारी पाठ आणि घाम दोन्ही रोजचेच आहेत. म्हणून वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, लिथियमची रक्ततपासणी चुकवू नका, आणि हात थरथरू लागले, चाल अडखळू लागली किंवा उलट्या-जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.