कलगी-तुरा : २४ श्रेष्ठ, की २५ वा?

(१)
दोन पुढाऱ्यांची शाब्दिक चकमक झाली की मराठी वृत्तपत्रे ठरलेला मथळा देतात : ‘दोघांत कलगी-तुरा रंगला’. आज या शब्दाचा अर्थ जाहीर भांडण एवढाच उरला आहे. मूळ कलगी-तुरा मात्र दोन संघांमधील कूटप्रश्नांची स्पर्धा होती. प्रश्न गाऊन विचारायचा, उत्तर गाऊन द्यायचे, आणि उत्तर देताच उलटा प्रश्न टाकायचा. हा सामना रात्रभर चाले. त्यात पणाला काय लागत असे, याचा हा मागोवा.

(२)
आधी नावे. तुरा आणि कलगी हे दोन्ही पागोट्यावर खोवायचे मानाचे अलंकार. शाहिरी परंपरेत ते दोन पक्षांची निशाणे झाले आणि डफावर मिरवू लागले. तुरेवाले शिवाचा, म्हणजे पुरुषतत्त्वाचा पक्ष घेत, तर कलगीवाले शक्तीचा, म्हणजे प्रकृतीचा. सृष्टीचे मूळ कोणते, शिव की शक्ती, हा सामन्याचा मध्यवर्ती वाद होता. बाकीचे सर्व प्रश्न या खोडाला फुटलेल्या फांद्या होत्या.

(३)
या परंपरेची आख्यायिका महाराष्ट्राबाहेरची आहे. तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर यांच्यात काव्यवाद रंगला. चंदेरीच्या राजाने प्रसन्न होऊन एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. तुकनगीर शिवाच्या बाजूने गात होता, शाह अली शक्तीच्या. राजस्थानात चित्तोडच्या परिसरात ‘तुर्रा-कलंगी’ नावाचे ख्याल-नाट्य याच दोघांचा वारसा सांगते. कथा शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही. मात्र हिंदू देवतेची बाजू मुसलमान फकिराने मांडावी, यात ती सांगणाऱ्यांना काहीच वावगे वाटले नाही, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने टिपून ठेवावी अशी आहे.

(४)
मराठीत या स्पर्धेचे वाहन होते ‘भेदिक’ लावणी. भेद म्हणजे येथे रहस्य. शृंगारिक लावणी रसिकाला रिझवते, भेदिक लावणी प्रतिपक्षाला अडवते. तिची मुळे जुनी आहेत. मुंगीने सूर्याला गिळल्याचे सांगणारा मुक्ताबाईंचा अभंग, एकनाथांची कूटरचना, उत्तरेत कबीरांची उलटबाँसी, हे सारे अर्थ झाकून अर्थ सांगण्याचेच प्रकार. संतांनी कोडे साधकापुढे ठेवले. शाहिरांनी तेच उचलून भर सभेत प्रतिस्पर्ध्यापुढे ठेवले.

(५)
सामना एकट्या-दुकट्याचा नसे. प्रत्येक बाजूला एक फड असे. पुढे डफ घेतलेला मुख्य शाहीर. मागे तुणतुणे, झांज आणि सूर धरणारे झीलकरी. झीलकऱ्यांचे काम ध्रुपद उचलून धरण्यापुरते नव्हते. ते पालुपद घोळवत ठेवीत तेवढ्यात शाहिराला विचार करायला अवधी मिळे. एकाची स्मरणशक्ती, दुसऱ्याचा गळा, तिसऱ्याची ग्रंथांची माहिती, असा मेळ बसला तरच फड टिकत असे.

(६)
प्रश्नाची घडण पाहण्यासाठी एक साधा नमुना घेऊ. ‘नऊ वेशींचे एक नगर आहे. त्यावर पाच पहारेकरी आहेत. राजा आत राहतो, पण त्याला कोणी पाहिलेले नाही. राजा निघून गेला की नगर त्याच दिवशी ओस पडते.’ नगर म्हणजे देह. नऊ वेशी म्हणजे दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या, मुख आणि दोन उत्सर्गद्वारे. पहारेकरी म्हणजे पंचज्ञानेंद्रिये. राजा म्हणजे आत्मा. नवखा शाहीर ‘देह’ म्हणून मोकळा होईल. मुरलेला शाहीर वेशी एकेक करून मोजून दाखवील, कारण श्रोते मोजत असत.

(७)
भेदिकाचा प्राण संख्या हा होता. संस्कृत ग्रंथांत आणि शिलालेखांत संख्या लपवण्याची जुनी रीत आहे. १ साठी ‘चंद्र’, २ साठी ‘नेत्र’, ४ साठी ‘वेद’, ५ साठी ‘बाण’, ६ साठी ‘ऋतू’ असे शब्द योजायचे, आणि अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे. वेद-बाण-ऋतू म्हणजे ६५४. शाहिराने हीच रीत उलटी केली. शास्त्री वस्तूचे नाव घेऊन संख्या सांगत असे. शाहीर संख्या सांगून वस्तू लपवीत असे.

(८)
आता एक अंकमालिका पाहा : ९, २०, ११, १०, ३०, ४. यात गणिती नियम शोधू जाल तर रात्र सरेल. ही ८४ लक्ष योनींची पारंपरिक वाटणी आहे. ९ लक्ष जलचर, २० लक्ष स्थावर, ११ लक्ष कृमी, १० लक्ष पक्षी, ३० लक्ष पशू आणि ४ लक्ष मानव. बेरीज बरोबर ८४. प्रश्नकर्ता यातला एखादाच आकडा सांगून बाकीचे मागू शकत असे. ज्याला पूर्ण मालिका पाठ, त्यालाच उत्तर देता येई. साडेतीन हातांचा देह, १४ विद्या, १८ पुराणे, ६४ कला, ही सारी याच शिलकीतील नाणी.

(९)
सर्वांत मोठे कोडे मात्र २४ आणि २५ यांचे होते. सांख्य दर्शनानुसार प्रकृतीपासून महत् (बुद्धी), महत्‌पासून अहंकार. अहंकारापासून पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये, एक मन आणि पाच तन्मात्रे. तन्मात्रांपासून पाच महाभूते. मालिका अशी : १, १, १, ५, ५, १, ५, ५. बेरीज २४. या सर्वांहून वेगळा, काहीही न करणारा, केवळ पाहणारा पुरुष हा २५ वा.

(१०)
अख्खा कलगी-तुरा या बेरजेत सामावलेला आहे. कलगीवाला विचारणार : घरातली सगळी कामे २४ जणी करतात आणि २५ वा नुसता बसून राहतो, मग घर कोणाचे? तुरेवाला उलट विचारणार : पाहणाराच नसेल तर नाच कोणासाठी? दर्शनशास्त्रातला हा गहन वाद गावच्या जत्रेत, पलित्यांच्या उजेडात, संसारातल्या भांडणासारखा रंगत असे. सभेतल्या अक्षरशत्रू श्रोत्यालाही त्यात कोणती बाजू अडली हे कळत असे.

(११)
नियम कडक होते. नुसते उत्तर पुरेसे नसे, ते प्रश्नाच्याच चालीत बसवावे लागे. उत्तराला पुराणाचा किंवा ग्रंथाचा आधार लागे. उत्तर देऊन झाले की उलटा सवाल करणे भाग असे, अन्यथा बाजू पडती मानली जाई. निवाडा गावातले जाणते करीत. परंपरा सांगते की, निरुत्तर झालेल्या शाहिराला आपला डफ किंवा निशाण विजेत्याच्या हवाली करावे लागे. डफ गेला म्हणजे पोटाचे साधन गेले आणि नावही गेले. पुढच्या गावची सुपारी त्याला कोण देणार?

(१२)
येथे एक प्रश्न उभा राहतो. ज्या समाजात वेदांत आणि सांख्य यांचे शिक्षण मोजक्या घरांपुरते होते, तेथे शाहिरांना हे ज्ञान मिळाले कोठून? उत्तर पेशवाईच्या अखेरच्या काळातील शाहिरांच्या यादीतच दिसते. सोलापूरचे रामजोशी आणि संगमनेरचे अनंत फंदी ब्राह्मण. होनाजी गवळी. परशराम शिंपी. जेजुरीशी नाते सांगणारा सगनभाऊ मुसलमान शिकलगार. रामजोशींना संस्कृत पाठशाळेचे दार उघडे होते. इतरांची पाठशाळा म्हणजे कीर्तन, पुराणश्रवण, गुरूची मांडी आणि फड. प्रतिपक्ष उद्या काय विचारील या धास्तीने त्यांनी जे पाठ केले, ते त्यांना कोणत्याही मठाने हौसेने शिकवले नसते.

(१३)
या चित्राला दुसरी बाजूही आहे. शक्ती श्रेष्ठ असे कलगीवाले रात्रभर गात. मात्र गाणारे पुरुषच होते. २४ जणींची बाजू मांडायला त्यांच्यातली एकही फडावर नव्हती. तमाशाच्या बोर्डावर स्त्री उभी राहिली ती पुढे, आणि पठ्ठे बापूरावांच्या (१८६६–१९४५) फडातील पवळाचे नाव घरोघर पोचले ते विसाव्या शतकात. तेव्हाही तिला मिळालेली दाद आणि तिला मिळालेली प्रतिष्ठा यांत फार अंतर होते. तत्त्व म्हणून शक्ती पूज्य, व्यक्ती म्हणून स्त्री दुय्यम, हा विरोध कोणत्याही भेदिकाने सोडवला नाही.

(१४)
तरी प्रश्न विचारण्याची ही सवय वाया गेली नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे सत्यशोधक जलसे गावोगाव फिरू लागले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला मजकूर बदलला. नंतर भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे उभे केले. पूर्वी सभेत विचारले जाई : नगर कोणते आणि राजा कोण? आता विचारले जाऊ लागले : पाणवठा कोणाचा आणि मंदिर कोणाचे? फरक एवढाच की, या सवालांचे उत्तर प्रतिपक्षाच्या शाहिराकडे नव्हते. ते श्रोत्यांना द्यायचे होते.

(१५)
मग भेदिकांचे काय झाले? कोड्याची किंमत ते गुपित असेपर्यंतच. छापलेला सवाल दुसऱ्या दिवशी निकामी. म्हणून शाहिरांनी आपले भांडार पाठांतरात आणि हस्तलिखित बाडांत जपले, आणि विश्वासातल्या शिष्यालाच दिले. १८९१ मध्ये अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. १९२८ मध्ये य. न. केळकरांचे ‘ऐतिहासिक पोवाडे’ आले. पोवाड्यात लढाया होत्या, सन होते, सरदारांची नावे होती. इतिहासकारांना ते हवे होते. भेदिकात या गोष्टी नव्हत्या. त्यामुळे पोवाड्याला संपादक लवकर लाभले, भेदिकाला ते भाग्य तितकेसे लाभले नाही.

(१६)
ज्या गुप्ततेने सामना जिंकून दिला, तिनेच वारसा हरवला. शिष्याविना शाहीर गेला की त्याची उत्तरे त्याच्याबरोबर जात. मग बाडात सवाल सापडतो, पण जबाब सापडत नाही. अशा रचनेपुढे अभ्यासक त्या जुन्या प्रतिपक्षासारखा निरुत्तर उभा राहतो. त्याला चाल ठाऊक नसते, संकेत ठाऊक नसतो, आणि निवाडा देणारे जाणतेही उरलेले नसतात.

(१७)
सर्वच मात्र संपलेले नाही. कोकणात, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यात, जाखडी नाचाबरोबर ‘शक्ती-तुरा’ आजही रंगतो. गण होतो, गौळण होते, मग शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना गाण्यांतून अडवतात. गिरण्यांत कामाला आलेल्या चाकरमान्यांनी हा सामना मुंबईत आणला आणि तेथील नाट्यगृहांत तो अजूनही गर्दी खेचतो. रुपेरी पडद्यानेही ही परंपरा उचलली. अनंत माने यांच्या १९६४ च्या चित्रपटाचे नावच ‘सवाल माझा ऐका!’ असे होते.

(१८)
पुढच्या वेळी ‘कलगी-तुरा रंगला’ हा मथळा वाचताना एक भेद लक्षात ठेवावा. आजच्या चकमकीत प्रतिपक्षाचे ऐकून घेण्याची गरज नसते. जुन्या सामन्यात प्रतिपक्षाचा सवाल अक्षर न अक्षर ऐकल्याशिवाय, त्याची चाल उचलल्याशिवाय आणि त्याचे ग्रंथ पाठ केल्याशिवाय तोंड उघडता येत नसे. तुरेवाल्याला २४ तत्त्वे कलगीवाल्याइतकीच पाठ असावी लागत, आणि कलगीवाल्याला २५ वे.

(१९)
घरात, गावात, एखाद्या जुन्या भजनी मंडळाच्या पेटीत शाहिरी बाड असेल तर ते रद्दीत जाऊ देऊ नये. त्याची पाने आधी छायाचित्रांत उतरवावीत. त्यातले सवाल कळले नाहीत तरी चालेल. चाल जाणणारे एखादे आजोबा गावात असतील, तर त्यांच्याकडून ती म्हणवून घेऊन ध्वनिमुद्रित करावी. जबाब अनेकदा कागदावर नसतो, तो गळ्यात असतो.