वेगाचा राखणदार

भंडारा जिल्हा म्हणजे तलावांचा आणि धानाचा मुलूख. वैनगंगेच्या खोऱ्यांत पिकलेलें धान पूर्वीं घरोघर उखळ-मुसळानें कांडलें जाई. पुढें गिरण्या आल्या, आणि जेथें वीज पोंचली नव्हती तेथें त्या फिरविण्याचें काम तेलाच्या इंजिनानें पत्करलें.

परंतु गिरणीवरचा भार कधींच एकसारखा नसतो. तोंडांत धान पडलें कीं इंजिनाला ओढ बसते. धान सरलें कीं पट्टा मोकळा फिरूं लागतो. डिझेल इंजिन हवा मनसोक्त ओढून घेतें. त्याचा जोर ठरतो तो केवळ आंत जाणाऱ्या तेलाच्या मापावरून. भार एकाएकीं उतरला आणि तेल मात्र तितकेंच जात राहिलें, तर वेग भडकून फ्लायव्हील फुटण्यापर्यंत मजल जाते. जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशींच तेथें गांठ असते. हा अनर्थ टाळणाऱ्या यंत्राचें नांव गव्हर्नर.

या यंत्राचा जन्महि गिरणींतच झाला. अठराव्या शतकांत युरोपांतील पवनचक्क्यांत वाऱ्याचा जोर बदलला तरी जात्याच्या दोन तळ्यांमधील अंतर योग्य राहावें, म्हणून फिरत्या गोळ्यांची योजना निघाली. लंडनच्या आल्बियन मिल या पिठाच्या गिरणींत ती पाहून मॅथ्यू बोल्टन यानें १७८८ सालीं आपला भागीदार जेम्स वॅट याला पत्र लिहिलें, आणि वॅटनें तीच युक्ति वाफेच्या इंजिनाला लाविली. पुढें अशीं कित्येक यंत्रें वेग स्थिर राखण्याऐवजीं त्यालाच हेलकावे देतात, असा अनुभव येऊं लागला. त्याचें गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानें १८६८ सालच्या आपल्या निबंधांत मांडलें. रुडॉल्फ डिझेलचें इंजिन १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें यशस्वी झालें, तेव्हां वेगाचा हा राखणदार तयारच होता.

त्याची रचना साधी आहे. इंजिनाबरोबर दोन वजनें गरगर फिरतात. वेग वाढला कीं तीं बाहेर फेकलीं जातात. एक स्प्रिंग त्यांना आंत दाबूं पाहते. या ओढाताणींत जी दांडी सरकते ती तेलाच्या पंपाची दांतेरी पट्टी मागेंपुढें करते. वजनें जिंकलीं तर तेल कमी होतें. स्प्रिंग जिंकली तर वाढतें. चालक मूठ ओढतो तेव्हां तो तेल सोडीत नसून केवळ स्प्रिंग ताणीत असतो. म्हणजे वेग तो नेमून देतो, तेलाचा हिशेब मात्र गव्हर्नर ठेवतो.

या राखणदाराला एक मर्यादा आहे. जास्त तेल हवें असेल तर वजनें आंत यावीं लागतात, आणि त्यासाठीं वेग थोडा उतरावा लागतो. विजेच्या जनित्राला पूर्ण भारावर मिनिटाला १५०० फेरे हवे असतील, तर रिकामें असतां तें १५६० फेरे घेईल. हा चार टक्क्यांचा उणेपणा दोष दिसला तरी तोच हेलकाव्यांना आवर घालतो.

महाराष्ट्रांत पुण्याजवळ खडकी येथें १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि शेतावरील व गिरण्यांतील कामासाठीं देशी इंजिनें मिळूं लागलीं. आज अनेक इंजिनांत फिरत्या वजनांचें काम विजेच्या सूक्ष्म यंत्रणेनें घेतलें आहे. तत्त्व मात्र बदललेलें नाहीं.

‘गव्हर्नर’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ सुकाणू धरणारा. वैनगंगेवरचा नावाडीहि नाव किंचित् कलल्यावरच वल्हें फिरवितो. चूक मुळींच होऊं न देणें कोणाच्याहि हातीं नसतें. ती लहान असतांनाच ओळखून आवरणें, एवढेंच राखणदाराचें काम. भाताच्या गिरणींतील लोखंडी राखणदार दिवसभर तेंच करीत आला आहे.