आधी मोजणी, मग जोडणी
वाड्याचा सुतार सांधा लाकडातच घडवत असे. तुळईचे टोक खांबात बसले की वर खुंटी ठोकायची, आणि ती खुंटी तिथल्याच सागाच्या तुकड्यातून निघे. लोखंडी सांगाड्याने हे सोपेपण संपवले. तुळई एका ठिकाणी, बोल्ट दुसऱ्याच पेटीत, आणि जोडणारा तिसऱ्याच गावी. नटबोल्ट सांध्यागणिक वेगळे बांधून पाठवण्याची शिस्त व्यवस्थापनशास्त्राने शिकवली असे मानतात. माझ्या मते ती अंतराने शिकवली.

मुंबईचे वॉटसन हॉटेल घ्या. रोलंड मेसन ऑर्डिश यांनी आखलेल्या या इमारतीचे ओतीव खांब आणि घडीव तुळया इंग्लंडमध्ये तयार झाल्या आणि 1867 ते 1869 या काळात मुंबईत उभ्या राहिल्या. सुएझ कालवा खुला झाला नोव्हेंबर 1869 मध्ये. त्याआधी असा अवजड माल आफ्रिकेला वळसा घालून येई. मूठभर बोल्ट कमी पडले तर नवे यायला महिने लागणार. मुंबईचे लोहार ते घडवू शकले असते, हा आक्षेप खरा आहे. पण आटे जुळायला हवेत, आणि भोके तर आधीच पाडलेली. लोहाराची सोय होती म्हणून मोजणी सुटत नव्हती.

लासुर्ण्याजवळच्या वालचंदनगरात याच गोष्टीला हंगामाची धार आली. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, साखर कारखाना आला, आणि पुढे तिथल्याच यंत्रशाळांतून इतर कारखान्यांची यंत्रसामग्री बाहेर जाऊ लागली. सुटे भाग दूरच्या माळावर नेऊन जोडायचे, तेही गाळप सुरू होण्याआधी. तोडलेला ऊस फिटरसाठी थांबत नाही. दिवसागणिक त्यातली साखर घटते. गोणी उपसून हवा तो बोल्ट शोधण्यात गेलेला वेळ असा थेट उताऱ्यातून वजा होतो.

आता बारामतीच्या बाजारात हवा तो बोल्ट मिळतो, मग एवढी उस्तवार कशाला, असे मुकादम विचारील. तर 4.6 आणि 8.8 या दोन प्रतींचे बोल्ट एकाच मापाचे असले की एकाच भोकात बसतात, एकाच पान्याने आवळले जातात. पण पहिल्याची ताणशक्ती दुसऱ्याच्या निम्मी. फरक सांगतो तो डोक्यावरचा बारीक आकडा, आणि गंज किंवा रंग चढल्यावर तोही दिसत नाही. मग चिठ्ठी बांधलेली पिशवीच सांगते.