धूळपाटी ते ‘दीक्षा’

मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना या स्मरणिकेत गणेशोत्सव, नाट्यस्पर्धा आणि कोजागरी यांच्या आठवणी येतीलच; त्या लिहिणारे आमच्याहून अधिकारी लेखक मंडळात आहेत. संपादकांच्या अनुज्ञेने आम्ही एक निराळा विषय हाती घेतला आहे. परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांना मराठी, आणि मराठीतून इतर चार विषय, शिकवायचे तर साहित्य आणायचे कोठून, हा प्रश्न मंडळाच्या पहिल्या कार्यकारिणीपुढे होता. आज साहित्य विपुल आहे, बहुतांशी मोफत आहे, घरबसल्या मिळते. तरीही शनिवारच्या मराठी वर्गाला मुले टिकत नाहीत. पहिल्या वर्षी पंचवीस येतात, तिसऱ्या वर्षी पाच उरतात. याचा उलगडा करण्याच्या निमित्ताने आम्ही मोफत शिक्षणसाहित्याच्या इतिहासाकडे वळलो, आणि तो इतिहास वाटला होता त्याहून रंजक निघाला.

पेशवाईच्या अखेरीस आपल्याकडील पंतोजींच्या शाळांत छापील पुस्तक नव्हतेच. फळीवर पसरलेली बारीक धूळ आणि हाताचे बोट किंवा एखादी काडी, एवढ्या भांडवलावर मुळाक्षरे व अंक गिरवले जात. उजळणी, पाढे, पावकी, निमकी हे सारे तोंडपाठ. धूळपाटी हे आपल्याकडील पहिले मोफत शिक्षणसाहित्य म्हणावयास हरकत नाही. अक्षर चुकले तर पुसावे, धूळ पुन्हा पसरावी. मोडण्याची भीती नाही, हरवण्याची नाही, कोणाला हिशेब द्यावयाचा नाही. हा तिचा गुण वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

इंग्रजी अंमल बसल्यावर पुस्तकांचा प्रश्न उभा राहिला. शाळा व शालेय पुस्तके यांसाठी मुंबईत १८२२ साली एक स्वतंत्र संस्था निघाली. १८२७ पासून ती ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२३ साली शिक्षणावर जे टिपण लिहिले, त्यात शाळा सुधारणे, त्यांची संख्या वाढवणे आणि त्यांना पुस्तके पुरवणे यांवर भर होता. आमचा जन्म फायलींवर टिपणे लिहिण्यात गेला. बहुतेक टिपणांचे पुढे काय होते ते आम्ही जाणतो. हे टिपण त्यांतले ठरले नाही.

परंतु पुस्तके पुरवावी म्हटले तरी ती मराठीत होती कोठे? कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली. सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ १८२८ साली प्रसिद्ध झाले. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ चे. या सर्वांत आम्हांस विशेष विस्मय वाटतो तो बाळशास्त्री जांभेकरांचा. ‘दर्पण’कार म्हणून आपण त्यांचे स्मरण करतो, परंतु भूगोल, व्याकरण, इतिहास, गणित अशा नाना विषयांवर शाळेसाठी लिहिणारा हाच गृहस्थ. १८४० साली त्यांनी काढलेले ‘दिग्दर्शन’ मासिक म्हणजे विविध शास्त्रांची ओळख करून देणारी एक फिरती शाळाच होती. त्यांच्या एका गणितग्रंथाचे नाव ‘शून्यलब्धि’ असे होते. आजच्या मुलाला त्याचा अर्थबोध होणार नाही, कारण त्याच विषयाला आता ‘विकलन’ म्हणतात. शब्द गेला, पण मराठीतून हे सांगता येते ही खात्री राहिली. बाळशास्त्री १८४६ साली वारले, तेव्हा त्यांनी वयाची पस्तिशीही गाठली नव्हती.

मेजर कँडी यांच्या देखरेखीखालील क्रमिक पुस्तके, त्यानंतरची खासगी प्रकाशकांची असंख्य पुस्तके, हा पुढचा शंभर वर्षांचा काळ आम्ही ओलांडून जातो. राज्यस्थापनेनंतर २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले, तेच आपले ‘बालभारती’. इयत्ता चौथीचे शिवछत्रपतींवरील पुस्तक १९७० चे आणि ‘किशोर’ मासिक १९७१ चे. आमच्या पिढीतील ज्यांचे शिक्षण महाराष्ट्रात झाले त्यांना या दोहोंविषयी काही सांगावे लागत नाही.

ज्यांचे वडील बदलीच्या नोकरीत होते, त्यांची गोष्ट वेगळी. १९६१ साली दिल्लीत ‘एनसीईआरटी’ आणि त्यापाठोपाठ केंद्रीय शाळा निघाल्या, तेव्हा आम्हां केंद्र सरकारच्या नोकरवर्गाची मोठी सोय झाली. मूल कोचीनहून जबलपूरला गेले तरी पुस्तक तेच. मात्र त्या पुस्तकांत मराठी नव्हती, आणि मराठ्यांच्या इतिहासाला दीर्घकाळ थोडीच पाने मिळत आली. (२०२५ साली निघालेल्या आठवीच्या नव्या पुस्तकात त्यावर स्वतंत्र प्रकरण आले, हे येथे नमूद केले पाहिजे.) म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत ‘देशी’ जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला इतरांकडून याद्या दिल्या जात: दुसरीचे मराठी दोन प्रती, चौथीचे शिवछत्रपती तीन, ‘किशोर’चे जुने अंक मिळतील तेवढे. परतीच्या प्रवासात वळकटी हलकी आणि पुस्तकांची पिशवी जड असे. मंडळातील वडीलधारी मंडळी हे अजूनही सांगतात. एकेक पुस्तक पाचपाच घरे फिरे, आणि त्याच्या समासात पाच हस्ताक्षरांत शब्दार्थ लिहिलेले असत.

दरम्यान सरकारने आकाशमार्गही चोखाळून पाहिला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर एका अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र व कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचवले गेले. सकाळचा वेळ शाळकरी मुलांसाठी राखलेला असे. पुण्यात १९८४ साली ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली. तिचे कार्यक्रम पाहत एक पिढी वाढली; २०१७ साली ती संस्था बंद झाली. दूरचित्रवाणीतून एका दिशेने ज्ञान वाहते. मुलाने प्रश्न विचारला तर पडदा उत्तर देत नाही.

आता आमच्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ साली केंद्राने ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’ ही योजना सुरू केली. महाराष्ट्रात तिला ‘खडू-फळा’ हे सुटसुटीत नाव मिळाले. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचे साहित्य द्यावयाचे, अशी तिची आखणी होती. नकाशे, पृथ्वीगोल, तक्ते, विज्ञानाची व गणिताची पेटी, खेळणी, वाद्ये, सारे फुकट. हेतूविषयी कोणास शंका घेता येणार नाही. परंतु पुष्कळ ठिकाणी झाले असे की पेटी आली, तिची जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद झाली, आणि ती कपाटात गेली. आम्ही स्वतः एका गावच्या शाळेत असे कपाट पाहिले आहे. भिंगावरचा कागदसुद्धा निघालेला नव्हता. गुरुजींना विचारले तेव्हा त्यांनी अत्यंत प्रामाणिकपणे सांगितले, ‘साहेब, फुटले तर भरून कोण देणार?’ या उत्तरावर हसू नये. ज्याने सरकारी मालाची यादी सांभाळली आहे त्याला त्या मास्तरांची भीती कळते. वस्तू वापरल्याबद्दल शाबासकी कोणत्याही नोंदवहीत लिहिली जात नाही. हरवल्याची नोंद मात्र लाल शाईत होते. आमच्या मते त्या योजनेत साहित्याची निवड वाईट नव्हती. साहित्य झिजावे, फुटावे, संपावे यासाठीच ते दिले आहे, एवढी एक ओळ आदेशात असती तर पुष्कळ कुलपे उघडली असती.

ही ओळ ज्यांना सुचली ते लोक तोपर्यंत नर्मदाकाठी पंधरा वर्षे काम करीत होते. मध्य प्रदेशातील होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरम जिल्ह्यात १९७२ साली ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग आरंभिला. दिल्ली विद्यापीठातील आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ त्यात सहभागी झाले. मुलांनी चारचारांच्या टोळ्या करून स्वतः प्रयोग करावे, निरीक्षण स्वतः लिहावे, आणि परीक्षेला पुस्तक व वही खुशाल घेऊन बसावे, अशी ती पद्धत होती. १९७८ साली जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत ती लागू झाली. पुढे १९८२ साली याच कामातून ‘एकलव्य’ संस्था निघाली. प्रयोगांचे सामान स्वस्त असे, गावात मिळेल ते वापरले जाई, आणि मोडले-संपलेले भरून देण्याची सोय योजनेतच होती. धूळपाटीचा गुण तो हाच. राज्य शासनाने २००२ साली हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे चाललेली गोष्ट एका आदेशाने थांबावी याचे आम्हांस, आदेश काढणाऱ्यांच्या जातीचे असूनही, वाईट वाटते.

टाकाऊतून शिकवण्याच्या या कुळाचा मूळपुरुष शोधला तर तो महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशांत सापडतो. प्रयोगशाळा बेचिराख झालेल्या शाळांच्या शिक्षकांसाठी युनेस्कोने १९४८ साली स्टीफन्सन यांची एक सूचनापुस्तिका काढली. घरगुती वस्तूंतून उपकरणे कशी करावी हे तीत होते. ती इतकी उपयोगी ठरली की तिचा विस्तार होऊन १९५६ साली विज्ञानशिक्षकांसाठी मोठा ग्रंथ निघाला. नाइलाजाने निघालेली वाट पुढे राजमार्ग झाली.

पुण्याच्या टेल्को कारखान्यातील एक अभियंता, अरविंद गुप्ता, १९७८ साली होशंगाबादला गेले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हमधील रबरी नळीचे तुकडे जोडून त्यांनी त्रिकोण, घन, घराचे सांगाडे बनवले. सांधा जोडण्यासाठी नळीला भोक पाडायचे ते बाभळीच्या काट्याने. त्रिकोण दाबला तरी मोडत नाही आणि चौकोन कलंडतो, ही भूमिती मुलाच्या बोटांना कळते. मग पुलाला त्रिकोणी बांधणी का, हे सांगावे लागत नाही. पुढे पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले, आणि अशा शेकडो खेळण्यांच्या कृती व हजारो पुस्तके सर्वांस मोफत उपलब्ध करून दिली. त्यांत मराठी पुस्तके विपुल आहेत. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

गेल्या पंधरा वर्षांत तर दारेच उघडली. वाईहून निघणाऱ्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा; २०११ पासून तो संगणकावर मोफत वाचता येतो. बालभारतीची पुस्तके आणि ‘किशोर’चे जुने अंक तसेच उतरवून घेता येतात. केंद्राने २०१३ साली मुक्त शैक्षणिक साहित्याचे राष्ट्रीय भांडार आणि २०१७ च्या शिक्षकदिनी ‘दीक्षा’ सुरू केली. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली देशाला अर्पण झाले. पाठ्यपुस्तकाच्या पानावरील क्यूआर कोडपुढे फोन धरला की त्या धड्याचे चित्र, ध्वनी, प्रश्न समोर येतात. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पुस्तकांत असे कोड वापरण्याच्या त्यांच्या कामाच्या जोरावर. त्याच वर्षी टाळेबंदीत शाळा बंद राहिल्या, आणि ज्या घरात फोन एक व मुले तीन, तेथे मोफत साहित्यही पोहोचत नाही हे साऱ्या देशाने पाहिले.

मग आपल्या शनिवारच्या वर्गाचे काय? आम्हांस असे दिसते की आपलाही फोन हे एक कपाट झाले आहे. दुवे सर्वांना पाठवले जातात, जपून ठेवले जातात, आणि तेथेच राहतात. इतक्या पसाऱ्यातून निवड करण्याचे काम कोणी अंगावर घेतलेले नाही. आपले पाचवीतले मूल पाचवीचे मराठी पुस्तक उघडते आणि पहिल्याच पानावर अडखळते, कारण ते पुस्तक घरीदारी मराठी ऐकणाऱ्या मुलासाठी लिहिलेले आहे. इतर माध्यमांच्या शाळांसाठी बालभारतीची ‘सुलभभारती’ ही निराळी माला आहे. आपल्या मुलांना ती हवी, हे मंडळातील फार थोड्या पालकांना ठाऊक आहे. हिंदी प्रदेशातील मुलांना देवनागरी येते, पण ‘ळ’ येत नाही. ‘टिळक’ ते ‘तिलक’ वाचतात. त्यांचे पहिले चार वर्ग ‘ळ’, च-ज-झ चे दोन उच्चार आणि ‘आपण’ व ‘आम्ही’ यांतील भेद यांवरच गेले पाहिजेत. त्यासाठी क्रमवार धडा कोठेही तयार मिळणार नाही. तो येथेच, आपल्या मुलांकडे पाहून, जुळवावा लागेल.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. फुकट वाचावयास मिळते ते सारे छापून वाटण्याची मुभा असतेच असे नाही. राष्ट्रीय भांडारातील साहित्य मूळ कर्त्याचे नाव देऊन, बदलूनही वापरता येते. पाठ्यपुस्तकांचे हक्क मात्र त्या त्या मंडळाकडे असतात, तेव्हा प्रती काढण्यापूर्वी परवानगीचे पत्र घालावे. ते पत्र लिहून देण्याचे आम्ही मान्य केले आहे. मंडळाने येत्या अंदाजपत्रकात वर्गासाठी कागद, शाई, आगकाड्या आणि व्हॉल्व्हची नळी एवढ्यांची तरतूद करावी, आणि ती खर्चाच्या सदरात टाकावी, जडवस्तूंच्या नव्हे.